पोळ्यापासूनचा खोकला

"खोकला कधीपासून आहे?"

"पोळ्यापसून."

"म्हणजे किती दिवस?"

"लई दिस झालं की लेकरा."

एवढं बोलणं झालं आणि केस पेपरवर त्यातलं उरलं ते इंग्रजीत, दीड ओळीत: कालावधी सांगता येत नाही, पेशंट 'पुअर हिस्टोरियन', म्हणजे स्वतःच्या दुखण्याची माहिती धड न देणारा. हा शेरा वॉर्डात इतका सर्रास चालतो की लिहिताना कुणाचा हात अडखळत नाही. दसरा दोन दिवसांवर आला होता. पोळा श्रावणी अमावस्येचा, दसरा आश्विन शुद्ध दशमीचा. मधे अख्खा भाद्रपद आणि वर आठ-दहा दिवस. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की क्षयासाठी थुंकी तपासायची, हे ओपीडीच्या भिंतीवरच्या पोस्टरवरसुद्धा लिहिलेलं असतं. पेशंट बाईंनी तारीख दिली होती, आणि ती कॅलेंडरात कुणालाही सापडेल अशी होती.

हिस्टरी घेणारा मुलगा केरळचा असता तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. तो सोनपेठ तालुक्यातला. घरी बैलजोडी. पोळ्याच्या दिवशी त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसला झुली घातलेले, शिंगं रंगवलेले बैल असतात. पण अंगात ॲप्रन आला की त्याचा पोळा फोनमध्ये राहतो आणि पेशंटचा पोळा त्याला ऐकूच येत नाही.

मी मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिन शिकवते. जुने लोक त्याला अजून पीएसएमच (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) म्हणतात. विद्यार्थ्यांच्या लेखी हा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाचायचा विषय. 'सांस्कृतिक जाण' नावाचं जे काही आरोग्यशिक्षणात येऊ घातलंय ते बहुतेक कॉलेजांत आमच्याच गळ्यात पडतं. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला. सुरुवातीला फाउंडेशन कोर्स आला, त्यात स्थानिक भाषेचे तास आले, वृत्ती, नैतिकता आणि संवाद शिकवणारं 'एटकॉम' आलं, पुढे प्रत्येक विद्यार्थ्यानं गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची योजना आली. कागदावर पाहिलं तर चांगलं आहे, आणि मी हे टोमणा म्हणून लिहीत नाहीये. पण या सगळ्यामागे एक गृहीतक बसलेलं आहे: दरी आहे ती बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यात आणि इथल्या पेशंटमध्ये, इथल्या पोरांना काय, ते इथलेच. माझा अनुभव जवळजवळ उलटा आहे.

सरकारी कॉलेजातल्या पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या. त्यातून येणाऱ्यांत आमच्याकडे राजस्थानच्या सीकरकडचा एक मुलगा आला. पहिले दोन महिने बिचारा ओपीडीत खांबासारखा उभा. मग त्यानं वॉर्डातल्या मावशींना धरलं. मावशी लादी पुसता पुसता सांगायच्या आणि हा वहीत देवनागरीत लिहून घ्यायचा: चक्कर यायलीय, पोट दुखायलंय, कसंनुसं होतंय, अंगावरून जातंय, हातपाय गळाल्यावानी झालंय. दुसऱ्या वर्षाअखेर तो पेशंटला "मावशी, कुठं दुखायलंय?" असं थेट गंगाखेडी चालीत विचारायला लागला. पुण्याकडच्या मुली फिदीफिदी हसायच्या. पेशंट मात्र त्याच्याशी घडाघडा बोलायचे. आपल्याला यातलं काही येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो विचारायचा. आमची पोरं विचारत नाहीत. थोडं 'आपल्याला माहीतच आहे' म्हणून, आणि बरंचसं आपल्याला हे माहीत आहे असं कुणाला कळू नये म्हणून.

या दुसऱ्या कारणावर मला जास्त बोलायचंय.

मेडिसिन वॉर्डात बंजारा तांड्यावरच्या एक याडी (म्हणजे आई) दाखल झाल्या होत्या. साठीच्या पुढच्या, आरशांची काचोळी, आणि दोन्ही दंडांवर कोपरापासून वरपर्यंत चुडा. बीपी घ्यायचं तर कफ बांधायला जागाच नाही. रेसिडेंट डॉक्टर घाईत होता. "बांगड्या काढा आजी" म्हणाला. याडींनी हात ओढणीखाली घेतला. त्यानं पुन्हा सांगितलं, आवाज चढवून, जसं काही अडचण कानाची होती. त्या गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, काहीतरी बोलल्या, भराभरा. "कुणाला येतं का रे यांचं?" त्यानं मागे उभ्या घोळक्याला विचारलं. कुणी बोललं नाही. घोळक्यात तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता, स्वतः तांड्यावरचा. तो केस पेपरकडे बघत उभा राहिला.

शेवटी जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) विद्यार्थिनीनं वाट काढली. कफ कोपराखाली बांधला, मनगटाशी नाडीवर स्टेथोस्कोप ठेवला, आणि कागदावर 'डावा पुढचा हात' अशी नोंद केली, कारण तिथं आकडा थोडा जास्त येतो. दोन मिनिटांचं काम. वरचा दंड कफमध्ये मावत नसेल तर असं मोजता येतं हे पुस्तकातही आहे, पण तिथं ते लठ्ठ माणसांच्या प्रकरणात आहे, चुड्याच्या नाही.

दुपारी तो मुलगा आपणहून माझ्याकडे आला. "मॅडम, त्या म्हणत होत्या, माझा मालक जिता हाय, मी काहून काढू." चुडा लग्नात चढतो आणि नवरा गेल्यावर उतरतो. म्हणजे आमच्या डॉक्टरनं भर वॉर्डात, आजूबाजूच्या खाटांवरच्या बायकांदेखत, त्यांना विधवा व्हायला सांगितलं होतं. आणि हे समजणारा एकच माणूस तिथं होता, तो गप्प होता.

मी त्याला बोल लावला नाही. होस्टेलवर पहिल्या आठवड्यात काय विचारतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. नाव, गाव, मग 'स्कोअर किती', आणि स्कोअर सांगितला की 'कॅटेगरी कोणती'. व्हीजे-ए (विमुक्त जाती, अ गट) म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे 'अच्छा' उमटतं ते पोरं पाच वर्षं विसरत नाहीत. त्या पोरानं तीन वर्षं खपून आपली बोली, आपलं गाव, आपल्या आईचा वेश एका खोलीत बंद करून कुलूप लावलं होतं. आणि आता आम्ही त्याला सांगणार, की बाळा, पेशंटच्या संस्कृतीविषयी संवेदनशील राहा! आधी त्याला त्याच्या वर्गात गोरमाटी येते असं म्हणायची सोय पाहिजे. वॉर्डात नम्रतेचे धडे आणि होस्टेलात 'कॅटेगरी' हे एकत्र चालत नाही, आणि कुठल्याही एटकॉमच्या मॉड्यूलपेक्षा होस्टेल जास्त तास शिकवतं.

या विषयावर बाहेरच्या देशांत खंडीभर लिहिलं गेलंय. नर्सिंगमधून मानववंशशास्त्राकडे गेलेल्या मॅडलिन लायनिंगर यांनी पेशंटची संस्कृती हा शुश्रूषेचाच भाग आहे हे कितीतरी आधी मांडलं. आमच्या नर्सिंगच्या मुलींना त्या पाच मार्कांची टीप म्हणून पाठ असतात. आर्थर क्लाइनमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली पेशंटला विचारायचे साधे प्रश्न सुचवले: तुम्हाला हे कशानं झालं असं वाटतं, तेव्हाच का झालं, तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. ओपीडीत या तिन्हींना मिळून मिनिटभर लागतं. मला मात्र सगळ्यात जवळचा वाटतो तो मेलानी टर्वालॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोघींचा १९९८ चा लेख. त्यात एक प्रसंग आहे. ऑपरेशन होऊन काही तास झालेली एक लॅटिन अमेरिकी वंशाची बाई कण्हत पडलीय. तिच्याच समाजातला डॉक्टर नर्सला म्हणतो, यांना फार दुखतंय असं दिसतं. नर्स ते झटकून टाकते. का, तर तिनं शिकताना संस्कृतींचा कोर्स केलाय आणि त्यात शिकवलंय की हे लोक दुखणं वाढवून दाखवतात.

वाचून मला आमची लेबर रूम आठवली. 'तांड्यावरच्या बाया कणखर, त्यांना काही लागत नाही' आणि 'त्या अमक्या मोहल्ल्यातल्या बाया उगाच आरडतात' ही दोन्ही वाक्यं मी एकाच टेबलाजवळ ऐकलीत. पहिलं तर कौतुकाच्या सुरात येतं. टाका घालताना भुलीचं इंजेक्शन कुणाला नीट मिळतं आणि कुणाला 'चालून जातं', ते अशा कौतुकावर ठरतं. म्हणून समाजवार रीतिरिवाजांचे तक्ते करून वाटायच्या मी विरोधात आहे. बंजारा: अमुक, मुस्लिम: तमुक, लिंगायत: ढमुक. असा तक्ता पोरं एका रात्रीत पाठ करतील आणि सकाळी पेशंटकडे न बघता वापरतील.

आणि जाण वाढली की नाही हे मोजतात कसं, तर बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यालाच प्रश्नावली देऊन. 'मी सर्व संस्कृतींचा आदर करतो': पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ. तटस्थवर खूण करणारा वेडा मला अजून भेटायचाय. परीक्षेतही तेच. संवादकौशल्याच्या टेबलापुढे विद्यार्थी येतो, नमस्कार करतो, नाव सांगतो, 'मी आपल्याला तपासू का' विचारतो, यादीतल्या खुणा पडतात, मार्क मिळतात. त्याच मुलाला संध्याकाळी वॉर्डात "ए आजी, सरक तिकडं" म्हणताना ऐकावं.

रमजानचं सांगते, कारण तिथं चांगुलपणानं भागत नाही, औषधं माहीत असावी लागतात.

डायबेटिसचे एक चाचा, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळ्यांवर. इंटर्न मुलीनं त्यांना मनापासून समजावलं की रोजे धरू नका, जिवाला धोका आहे. चाचा म्हणाले, "हौ बेटा, हौ." मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही हा 'हौ' ओळखू यावा. तो होकार नसतो, तुझा मान राखला एवढीच त्याची पोच असते. चाचा घरी गेले, रोजे धरले, सकाळची गोळी सवयीनं सहेरीला (रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला) घेतली, आणि दुपारी चारला दुकानात घामाघूम होऊन पडले. ग्लिमेपिराइड पोटात आणि वर दिवसभर उपास; साखर खाली येणारच होती.

जगभर यावर नीट विचार झालेला आहे. इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशननं रमजानसाठी मार्गदर्शिका काढल्या आहेत, २०१६ ला आणि मग २०२१ ला सुधारून. दिवसातून एकदा घ्यायची ग्लिमेपिराइड सहेरीऐवजी इफ्तारला हलवायची. मेटफॉर्मिन तीनदा असेल तर दुपारचा डोस इफ्तारच्या डोसात मिळवायचा. साखर ७० च्या खाली गेली तर रोजा सोडायचा, मग घड्याळात काही का वाजलेले असोत. बोटातून रक्त काढून तपासलं म्हणून रोजा तुटत नाही. ज्यांना धोका फार, त्यांना स्पष्ट नको म्हणायचं आणि तेही रमजानच्या दीड-दोन महिने आधी, म्हणजे घरात बोलायला, मौलवींना विचारायला वेळ मिळतो. हे सगळं त्या इंटर्नला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे आपण परवानगी द्यायची?" परवानगी तिच्याकडे मागितली कुणी होती?

आता हीच मुलगी तुळजापूरच्या बाजूची. नवरात्रात तिच्या आईचे नऊ दिवसांचे उपास असतात, आणि 'उपाशीपोटी गोळी नको' म्हणून बीपीच्या गोळ्याही नऊ दिवस बंद राहतात. तिला हे माहीत होतं. पण दसऱ्यानंतर बीपी वाढून आलेल्या बायकांना "नवरात्रात गोळ्या घेत होता का?" असं तिनं कधी विचारलं नव्हतं. एकादशीला साबुदाणा-रताळ्यानं साखर दोनशेच्या पुढे गेलेल्या काकांनाही नाही. चाचांचा रोजा तिला 'संस्कृती' वाटला, आईचा उपास घरगुती गोष्ट.

याच्याही पुढचा घोळ म्हणजे ज्याला आम्ही संस्कृती, अज्ञान, अंधश्रद्धा म्हणून खाती पाडतो, त्यातलं कितीतरी निव्वळ मजुरीच्या हिशोबात बसतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ब्याऐंशी हजारांवर बायकांच्या पाहणीत तेरा हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्या वर्षी माझ्या वर्गात चर्चा घेतली तर पहिली तीन उत्तरं अशी: शिक्षण नाही, जागृती नाही, पाळीबद्दल अंधश्रद्धा. वर्गात धारूर, वडवणी, पाटोद्याकडची पोरं होती. त्यांतल्या काहींचे नातेवाईक अजून कारखान्याला जातात. तीसुद्धा माना डोलावत होती.

मग एका मुलीनं, जरा रागानंच, फळ्यावर हिशोब मांडला. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमाराला उचल घेऊन निघायचं, गुढीपाडव्याच्या आसपास परत. उचल फिटेपर्यंत सुटका नाही. एका दिवसाचा खाडा झाला तर मजुरी बुडते आणि वर मुकादम दंड कापतो तो वेगळाच. पहाटे तीन-चारला उठून भाकरी, मग फड, मग मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. खोपट पाचटाचं, संडास नाही, न्हाणी नाही, पाणी मिळेल तेव्हा. अशात अंगावरून पांढरं जायला लागतं, कंबर जाते, कुणीतरी डॉक्टर 'पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल' सांगतो. चाळिशीही न गाठलेल्या, पोरंबाळं होऊन नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या बाईनं यातून काय ठरवावं? फळा भरला तेव्हा 'अंधश्रद्धा' लिहायला कोपराही उरला नव्हता. त्या मुलीची आई बारा वर्षं कोयत्यावर गेलेली. हे तिनं वर्गात पहिल्यांदाच सांगितलं, आणि मला वाटतं ते सांगणं त्या हिशोबाइतकंच महत्त्वाचं होतं.

आमची कुटुंब दत्तक भेट मात्र अजून नोव्हेंबरातच असते. तेव्हा पोरांच्या परीक्षा नसतात, गाडी मोकळी असते, ऊनही कमी. गेल्या खेपेला बस गावात शिरली तेव्हा निम्म्या वस्तीला कुलपं. विद्यार्थी दारोदार फिरून लॉगबुकात लिहीत होते: 'कुटुंब उपलब्ध नाही'. एका ओसरीवर एक आजी ज्वारी निवडत बसलेल्या, शेजारी दोन नातवंडं. त्यांनी पोरांना पाणी दिलं आणि विचारलं, "आता कशाला आलाव रं? समदी कारखान्याला गेलीत. शिमग्यानंतर या की, समदे भेटतेल."

मी खात्यात अर्ज दिलाय की भेटी एप्रिलमध्ये घ्या, आणि नोव्हेंबरातली फेरी ठेवायचीच असेल तर मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी आणि लेकरांसाठी ठेवा. एप्रिलमध्ये टर्मची परीक्षा येते असं उत्तर मिळालंय, तोंडी. परीक्षेची तारीख विद्यापीठाची आहे, गाळप हंगामाची कारखान्यांची, आणि दोन्हींपुढे माझं चालत नाही. तरी अर्ज आवक-जावकला नोंदवून घेतलाय.

त्या ओसरीवरून निघताना मी लॉगबुक पाहिलं. त्या घरापुढेही 'कुटुंब उपलब्ध नाही' असाच शेरा होता, कारण फॉर्ममधला कुटुंबप्रमुख सांगलीकडे उसात होता. पोरांना पुन्हा आत पाठवलं. आजींचं बीपी १७०/१००, पाच मिनिटांनी परत घेतलं तरी तेवढंच. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मोजत होतं. उपकेंद्रातल्या सिस्टरांना कळवलं, त्यांनी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू केल्या. उपकेंद्र तीन किलोमीटरवर, एसटी सकाळी एकच. दर महिन्याला गोळ्या आणायला आजी गेल्या तर नातवंडांजवळ कोण थांबणार, हे विचारून यायचं काम सोनपेठच्या त्या मुलाकडे दिलंय.